एफ १.४ आणि वांग्याची भाजी

आत्याचा फोन आला तेव्हा मी फोर्टातल्या बोरा बाजारात उभी राहून एका सेकंडहँड लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघत होते. एका हातात लेन्स, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तोच वाजायला लागला. दुकानदार वैतागलेला, मागून एक कुरिअरवाला 'मॅडम, साइड, साइड' करतोय.

"सप्तमीला येतेस का गं हिवऱ्याला? आणि तुझा तो कॅमेरा घेऊन ये. माझा एक चांगला फोटो काढायचाय. भिंतीवरचा."

भिंतीवरचा म्हणजे कुठला, हे मराठी घरात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, २०२१ मध्ये गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही धड फोटो नव्हता. शेवटी कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून मोठं केलं. मेहकरच्या घरात हॉलमध्ये आजही मामा हसतायत, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाच्यातरी शालूचा जरीकाठ आहे. तो कुणाचा, यावर दर दिवाळीला वाद होतो. आत्याला स्वतःच्या बाबतीत हा घोळ नको होता.

मी म्हटलं, येते. आणि त्याच झटक्यात दुकानदाराला म्हटलं, घेते.

आता या 'घेते'ची गोष्ट. आपल्यापैकी ज्यांनी पहिल्या-दुसऱ्या पगारात कॅमेरा घेतलाय, त्यांचा प्रवास साधारण एकसारखाच असतो. आधी बॉक्समधून येणारी १८-५५ची किट लेन्स. मग कुणीतरी सांगतं की झूम सोड, प्राइम घे. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स. मग पन्नास एमएम एफ १.८ येते. वजनाला हलकी, प्लास्टिकची, आणि पहिल्याच दिवशी आपण महान फोटोग्राफर आहोत असं वाटायला लावणारी. हा आनंद दीड-दोन वर्षं टिकतो. नंतर कुणाच्यातरी गळ्यात त्याच पन्नासची एफ १.४ दिसते आणि आपली प्लास्टिकवाली एकदम खेळण्यातली वाटायला लागते.

आकड्यांचा फंडा सोपा आहे, फक्त उलटा आहे. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि तितका उजेड जास्त. किट लेन्स पन्नासपाशी झूम केली की एफ ५.६च्या आसपास अडकते. तिथून एफ १.८ला आलात तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. संध्याकाळी साडेसातला दादर स्टेशनच्या ब्रिजवर फ्लॅश न मारता फोटो येतो तो यामुळेच. एफ १.८ वरून १.४ला गेलात तर मात्र उजेड वाढतो दीडपटीहून थोडा जास्त. आधीची उडी दहापट, ही दीडपट, आणि पैसे मात्र या दुसऱ्या उडीला जास्त! हे गणित मला बोरा बाजारात येतं होतं. तरीही घेतली. जुनी १.८ दिली आणि वर अकरा हजार मोजले. फ्रीलान्सरच्या हिशेबात अकरा हजार म्हणजे दोन लेखांचं मानधन, तेही वेळेवर मिळालं तर.

मला सबब हवीच होती. रोजचे फोटो काढणाऱ्याचा दिवस उजेड गेल्यावर सुरू होतो. ऑफिस सुटल्यावरची लोकल, पावसातली चहाची टपरी, रात्री दहाच्या भाजीवाल्याचा एकुलता एक बल्ब. दिवसभर आपण सगळेच एसीत बसलेले असतो, ऊन कुणाला दिसतंय? त्यात आता सगळी दुनिया मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेल्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात बऱ्या भावात मिळतात. फक्त तपासून घ्यायच्या. टॉर्च आरपार मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघायचं, कारण मुंबईचा पावसाळा लेन्सलाही सोडत नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, फोकस जिथे लावलाय तिथेच लागतो का, हे आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवून बघायचं. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरी आत्याच्या फोनमध्ये राहून गेली. लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हिवरा आश्रमला जायचं तर माझा रूट ठरलेला. रात्री सीएसएमटीवरून देवगिरी एक्सप्रेस, पहाटे जालना, तिथून एसटी. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग मेहकरजवळूनच जातो आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झालाय. पण एसटीने सिंदखेड राजा लागतं. जानेवारीतल्या थंडीत खिडकीची काच पुसत लखुजीराव जाधवांच्या गावातून जायची मजा सहापदरी रस्त्यावर नाही. इथे १२ जानेवारी १५९८ला जिजाऊंचा जन्म झाला. आणि १२ जानेवारी, १८६३ची, हाच स्वामी विवेकानंदांचाही जन्मदिवस. एकाच जिल्ह्यात दोन्ही जन्मोत्सव इतके मोठे. हिवरा आश्रम मात्र विवेकानंद जयंती तारखेने नाही, तिथीने करतो. पौष वद्य सप्तमीला. त्यामुळे दरवर्षी रजा टाकायची तारीख पंचांग बघून ठरवावी लागते. एचआरला हे समजावून दाखवा!

हे गाव मेहकर तालुक्यात, मेहकर-चिखली रस्त्यावर. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा २०१७ मध्ये पेपरात वाचलं असेल. ९१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी हिवरा आश्रमचं नाव जाहीर झालं, वाद पेटला, आश्रमाने माघार घेतली आणि २०१८चं संमेलन बडोद्याला गेलं. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या कट्ट्यांवर या गावाबद्दल भरपूर बोललं गेलं. बोलणाऱ्यांपैकी किती जणांना ते नकाशावर दाखवता आलं असतं, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. मला दाखवता आलं असतं, पण आत्यामुळे. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये इथे विवेकानंद आश्रम सुरू केला. २०१७ मध्ये ते गेले. आज गावात शिरलात तर शाळा, कृषी महाविद्यालय, दवाखाना, बाग असं सगळं आश्रमाच्या अवतीभवती दिसतं. जवळच कोराडी धरणाच्या पाण्यात विवेकानंदांचं स्मारक आहे, कन्याकुमारीची आठवण करून देणारं. पण लोक येतात ते सप्तमीच्या उत्सवासाठी. तीन दिवसांचा उत्सव आणि शेवटी महापंगत. शेतात आखलेल्या ओळींमध्ये लाखाच्या घरातली माणसं एका वेळी जेवायला बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी. वाढायला ट्रॅक्टर. हो, ट्रॅक्टर. ट्रॉलीत अन्न, ट्रॉलीभोवती वाढपी, आणि दोन ओळींमधून तो हळूहळू जातोय. हे वाचून विश्वास बसत नाही, पाहूनही लगेच बसत नाही.

आत्या आणि तिच्या गल्लीतल्या बायका गेली कित्येक वर्षं आदल्या दिवशी सेवेला जातात. मी पोहोचले तेव्हा त्या मांडवात वांगी चिरायला बसल्या होत्या. कल्पना करा, आपण मंडईत पाव किलो वांगी निवडून घेतो. इथे वांग्यांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत. जांभळा, चकचकीत, आणि त्याच्याभोवती विळ्या घेऊन बसलेल्या सोळा जणी. पाण्याच्या पिंपात चिरलेली वांगी पडतायत, देठांचा वेगळा ढीग होतोय, आणि तोंडं विळीपेक्षा वेगात चाललीयत. पस्तीस वर्षं मेहकरात राहून आत्या माझ्याशी आमच्या घरचं बोलते आणि शेजारणींशी अस्सल वऱ्हाडी.

"माही भाची हाय. ममईहून आली. पेपरात लिवते."

"मंग आमचं बी लिव्ह व माय," एक आजी म्हणाल्या. "वांगे चिरू चिरू बोटं काळे झाले म्हना."

उजेड मावळत होता. मांडवाच्या बांबूंना एलईडीचे दिवे बांधलेले, तेही लांब लांब. मी मनातल्या मनात हात चोळले. हाच तो क्षण, ज्यासाठी अकरा हजार मोजले! एफ १.४ लावलं आणि सुटले. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जे दिसत होतं ते जाम सुंदर होतं. आत्याचा चेहरा, मागे सगळं विरघळलेलं, दिव्यांचे गोल गोल लाडू झालेले. याला बोके म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक लाखलाख रुपये खर्च करतात. आत्याला दाखवलं.

तिने चष्मा वर करून बघितलं. "छान आलाय. पण ह्या सगळ्या कुठं गेल्या?"

"अगं, आहेत ना मागे. ब्लर झाल्यात. तूच उठून दिसावीस म्हणून."

"कुसुम कुठाय? ती तर माझ्या शेजारीच बसलीय." (नाव बदललंय. त्यांनीच बजावलं होतं.)

कुसुमताई फोटोत होत्या. एक हिरवट ढग होता, तोच कुसुमताई.

"भिंतीवरच्याला चालेल," आत्या म्हणाली. "पण आमचा सगळ्यांचा एक काढ. गेल्या वर्षी सतरा होतो."

ती पुढे काही बोलली नाही आणि बाकीच्याही क्षणभर गप्प झाल्या. मग कुणीतरी एक वांगं उचलून किडकं निघालं म्हणून शिवी घातली आणि गप्पा परत सुरू झाल्या.

सोळा जणींचा फोटो घ्यायला गेले आणि लेन्सने हात टेकले. लेन्सने नाही, मीच. चार मीटरवरून माझ्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात पन्नास एमएमला जेमतेम पावणेदोन-दोन मीटर रुंदीचं दृश्य मावतं. म्हणजे साडेतीन बायका. त्यात एफ १.४ला जेमतेम फूटभर खोलीतलं शार्प येतं. पुढची ओळ स्पष्ट, मागची ढगात. उपाय दोन. एक, ॲपर्चर बारीक करून आयएसओ वाढवायचा आणि फोटोत रवा सांडल्यासारखा दाणेदारपणा येऊ द्यायचा. दोन, मागे जायचं. प्राइम लेन्सला झूम नसतो, झूम आपल्या पायात असतो. आणि इथे एक गंमत आहे जी मला तोवर नीट उमगली नव्हती. अंतर दुप्पट केलं की शार्प दिसणारी खोली दुप्पट नाही, चौपट होते. आठ मीटरवर गेले, ॲपर्चर एफ २.८ केलं आणि हिशेबाने अडीच मीटरहून जास्त खोली हातात आली. सोळा जणी दोन ओळींत आरामात.

अडचण एवढीच की आठ मीटरवर वांग्यांचा दुसरा ढीग होता. मी उलटी चालत त्यात जाऊन बसले. अक्षरशः बसले. पुढच्या फोटोत सगळ्याजणी तोंड उघडून हसतायत. आजींची तर कवळी दिसतेय.

(आगाऊ टीप: एलईडीच्या उजेडात शटर फार वेगात ठेवलं की कधीकधी फोटोत आडवे काळे पट्टे येतात, कारण आपल्याला न कळता ते दिवे लुकलुकत असतात. शटर पन्नासाव्या हिश्श्यावर आणा. माझे पहिले चार फोटो यात गेले.)

रात्री आत्याच्या घरी लॅपटॉप उघडला आणि पोटात गोळा आला. तिचे एकटीचे बावीस फोटो. बावीसच्या बावीस फोटोंमध्ये डोळे किंचित मऊ, आणि कानातली कुडी मात्र खणखणीत शार्प. मोती न् मोती मोजून घ्या. मीटरभर अंतरावरून एफ १.४ला शार्प असतं फक्त दोन सेंटिमीटर. डोळा आणि कान यांत अंतर त्याच्या कितीतरी पट. आणि माझी नवी लाडकी लेन्स फोकस लावत होती डोळ्यावर, पण पोहोचत होती मागे. बॅक फोकस म्हणतात याला, डीएसएलआरमध्ये कॅमेरा आणि लेन्सची जोडी जमली नाही की होतं. हीच ती बोरा बाजारात राहून गेलेली तिसरी तपासणी. जुन्या एफ १.८मध्येही थोडी चूक असती, पण शार्प पट्टा जरासा रुंद असल्याने खपून गेली असती. वेगवान लेन्सवर काहीच खपत नाही. १९७५च्या 'बॅरी लिंडन'साठी स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्तीच्या उजेडात शूटिंग करायला नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ ०.७च्या लेन्स वापरल्या, आणि नटांना जागचं फारसं हलायची सोय राहिली नाही, हे वाचलं होतं. त्या नटांबद्दल मला त्या रात्री फार आपुलकी वाटली.

आत्या चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "कुड्या छान आल्यात गं. आईच्या आहेत." मी सांगितलंच नाही काही.

झोप येईना, म्हणून पहाटे तीनला गल्लीतल्या मंडळींबरोबर परत आश्रमात गेले. आणि इथे मला लेन्सची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. चुलींवर मोठाल्या कढया चढल्या होत्या. दिवे लांब होते, जवळ होती ती फक्त जाळाची धग. एक म्हातारे बाबा एकटेच चुलीत लाकूड सारत बसले होते, डोक्याला मफलर, अर्धा चेहरा तांबडा, अर्धा काळोखात. मी यावेळी लाइव्ह व्ह्यू लावला. त्यात कॅमेरा थेट सेन्सरवरच फोकस तपासतो, त्यामुळे बॅक फोकसची भानगड राहत नाही. एफ १.४, आयएसओ ३२००, शटर तिसाव्या हिश्श्यावर, श्वास रोखून. आला. तो फोटो एफ १.८ला शटर विसाव्याच्याही खाली नेल्याशिवाय आला नसता, आणि माझे हात तेवढे स्थिर नाहीत, थंडीत तर मुळीच नाहीत. दीडपट उजेड म्हणजे नक्की किती, हे मला त्या एका फोटोत कळलं. अख्ख्या ट्रिपमधला तो एकच फोटो, ज्याला एफ १.४ लागलंच.

बाबांनी वर बघितलं. "फोटू मंग काढजो, आंधी शेक घे," म्हणाले आणि बाजूची वीट सरकवली. अर्धा तास शेकत बसले. बोललो फारसं नाही.

दुपारी पंगत. जानेवारी असला तरी बुलढाण्याचं ऊन म्हणजे ऊन. इथे एफ १.४ सरळ निकामी. भर उन्हात आयएसओ १००ला एफ १.४ वापरायचं तर शटर सेकंदाच्या तेरा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास हवं. माझा कॅमेरा चार हजारावर थांबतो. म्हणजे सगळं पांढरं फटक. अकरा हजारांची लेन्स एफ ८वर आणून ठेवली, जिथे ती आणि किट लेन्स जुळ्या बहिणी वाटतात.

पण उजेडाचा प्रश्न नसता तरी मी इथे एफ १.४ लावलं नसतं. लावून पाहिलं होतं सकाळी, सावलीत, ओळी भरायला लागल्या तेव्हा. एक मुलगी शार्प, आणि तिच्यामागे हजारो माणसांचं लोणी. फोटो देखणा होता. तो हिवरा आश्रमचा होता हे मात्र कुणालाही कळलं नसतं. लोणावळ्याच्या एखाद्या लग्नातलाही वाटला असता. ही जागा म्हणजे ओळ आहे. शेजारी कोण बसलंय हे न बघता बसलेली ओळ, आणि तिच्यामागे आणखी एक, आणि आणखी एक, पार बांधापर्यंत. ती पुसली तर उरतं काय? मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो आठवा. त्या माणसांच्या भोवतीचं सगळं त्यात दिसतं, दिसायलाच हवं असतं. आपण रोजच्या फोटोग्राफीवाले मात्र मागचं पुसायच्या मागे लागलोय. मोबाइलचा पोर्ट्रेट मोडही तेच करतो, फक्त तो गणित करून करतो. त्याच्यावरही एफ १.८ वगैरे लिहिलेलं असतं, पण सेन्सर एवढुसा असल्याने खरा ब्लर येतच नाही, मग तो रंगवतो. कधीकधी चष्म्याची काडीही त्यात विरघळते.

बरं, पंगतीचा आणखी एक पेच. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये असं आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. मग लेन्स कशी रोखायची? झूम असता तर लांबून चोरून काढले असते. पन्नास एमएमने ती सोय नाही. जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की माणूस मान वर करून बघतो. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा एका काकांनी घास हातात धरूनच विचारलं, "तू जेवली का?" नाही म्हटलं. त्यांनी सरकून जागा केली. ट्रॅक्टर जवळ येतच होता. कॅमेरा बॅगेत टाकला आणि बसले.

भाजीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तिखट, तेलाचा तवंग असलेली, वांगी पार गाळ न झालेली. पुरी जरा चिवट, पण भाजीत बुडवली की झाली. माझ्या पानात पडलेल्या फोडी आत्याने चिरलेल्या असण्याची शक्यता किती, याचा मी हिशेब करत होते. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा नाही म्हणायचं सुचलं नाही.

पंगत उठल्यावर ट्रॅक्टर बांधाकडे वळतायत, धुरळ्यात उन्हं तिरकी झालीयत, आणि लोक आपापल्या जीपकडे निघालेत, असे आठ-दहा फोटो घेतले. एफ ५.६. मला ते आवडतात. अजून तरी कुणी छापायला मागितलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोणार उरकलं. मेहकरहून जवळच. खरं तर लोणारला 'उरकलं' म्हणू नये, पण पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं विवर पन्नास एमएममध्ये घ्यायचं म्हणजे हत्तीचा फोटो किल्लीच्या भोकातून. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या आतल्या अंधाऱ्या छतावरचं कोरीवकाम मात्र वेगवान लेन्सने, मान मोडेपर्यंत वर बघत, मनासारखं मिळालं. जाणाऱ्यांनी पूर्ण दिवस काढा.

आणि निघायच्या दिवशी सकाळी आत्याचा फोटो झाला. घराच्या दारात, उंबऱ्याच्या आत. बाहेर ऊन, आत सावली, आणि चेहऱ्यावर अंगणातून परतून आलेला मऊ उजेड. ती तांदूळ निवडत बसली होती. लाइव्ह व्ह्यू, एफ ४. डोळेही शार्प, कुड्याही शार्प, मागे हॉलमधली मामांची फ्रेम जराशी धूसर, पण ओळखू येणारी. खांद्यावरच्या जरीकाठासकट. हा फोटो जुन्या प्लास्टिकवालीनेही आला असता. किट लेन्सनेही, थोडा आयएसओ वाढवून.

त्यामुळे ऑफिसात कुणी विचारलं की किटवरून प्राइमवर जाऊ का, तर मी बिनधास्त हो म्हणते. पन्नास किंवा पस्तीस, एफ १.८, डोळे मिटून घ्या. क्रॉप सेन्सर असेल आणि घरात फोटो काढायचे असतील तर पस्तीस, म्हणजे वांग्यांच्या ढिगात बसावं लागणार नाही. १.८वरून १.४ला जाऊ का, असं विचारलं तर मी आधी पहाटे तीनला चुलीपाशी बसता का, ते विचारते. बसत असाल तर जा. नसाल तर अकरा हजारांत स्लीपर क्लासने मेहकरच्या बऱ्याच वाऱ्या होतात.

लेन्स मी विकलेली नाही. बॅक फोकस दुरुस्त करून घेतला, त्याचे वेगळे पैसे गेले.

गेल्या आठवड्यात दोन्ही फोटोंचे प्रिंट कुरिअर केले. भिंतीवरचा मोठा, आठ बाय बारा, मॅट. मांडवातला त्याहून लहान. दोन दिवसांनी आत्याचा फोन.

"मिळाले. माझा चांगलाय, कपाटात ठेवलाय. मांडवातला हॉलमध्ये लावला."

"अगं, तो रव्यासारखा दाणेदार आलाय. बदलून देऊ का? थोडा साफ करून—"

"काही साफबिफ करू नकोस. मोजल्या मी. सोळाच्या सोळा आहेत. आणखी पंधरा कॉप्या पाठव, आणि किती झाले ते सांग, ह्या वर्गणी काढतायत."

वर्गणीचे आले तीनशे रुपये. कुरिअरचे सोडले तर फायद्यात.